घरच्या घरी हिस्पॅनिक वारसा: मराठी कुटुंबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सप्टेंबर लागला की अमेरिकेतल्या शाळांमधून ‘हिस्पॅनिक वारसा महिन्या’ची पत्रके घरी येतात आणि मराठी आईबाबांचे फोन सुरू होतात. मुलांबरोबर घरी काय करता येईल, शाळेत काय न्यायचे, मुळात आपण हे केले तर चालेल का? आम्ही ह्यूस्टनला राहतो. आमच्या रस्त्यावर मेक्सिकोतल्या पुएब्लाच्या एक आजी आहेत, एल साल्वादोरचे एक जोडपे आहे आणि व्हेनेझुएलाहून आलेले एक भलेमोठे कुटुंब आहे. खालची बरीचशी उत्तरे त्यांच्या ओट्यापाशी उभे राहून मिळाली आहेत. भारतात स्पॅनिश शिकणाऱ्या मुलांच्या पालकांचे प्रश्नही यात घेतले आहेत.

हिस्पॅनिक म्हणजे नेमके कोण?

ज्यांची मुळे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत आहेत, ते. स्पेन, मेक्सिको, मध्य अमेरिकेतले बहुतेक देश, क्यूबा, पुएर्तो रिको, डॉमिनिकन रिपब्लिक आणि दक्षिण अमेरिकेतले कोलंबियापासून चिलीपर्यंतचे देश यात येतात. ब्राझीलची भाषा पोर्तुगीज, त्यामुळे ब्राझीलचे लोक सहसा यात धरत नाहीत.

मुलांना एवढे सांगून थांबू नका. बहुतेक माणसे स्वतःची ओळख मेक्सिकन, क्यूबन, पेरुव्हियन अशीच करून देतात. ग्वातेमालात लाखो लोकांची मातृभाषा माया कुळातली आहे. कॅरिबियन बेटांवरच्या गाण्यात आणि स्वयंपाकात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचा मोठा वाटा आहे. आणि टेक्सासात अशीही स्पॅनिश बोलणारी घराणी आहेत जी स्थलांतर करून कधी आलीच नाहीत. १८३६ पर्यंत हा प्रदेश मेक्सिकोत होता; ती माणसे होती तिथेच राहिली आणि देश बदलला.

महिना १५ सप्टेंबरला, मध्येच का सुरू होतो?

१५ सप्टेंबर १८२१ हा ग्वातेमाला, होंडुरास, एल साल्वादोर, निकाराग्वा आणि कोस्टा रिका या पाच देशांचा स्वातंत्र्यदिन आहे. १६ तारखेला मेक्सिकोचा आणि १८ तारखेला चिलीचा राष्ट्रीय दिवस येतो. अमेरिकेत १९६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या काळात याचा एक आठवडा ठरला, १९८८ मध्ये कायद्याने तो १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर असा महिना झाला.

आपल्याकडे याच दिवसांत गणपती, पितृपंधरवडा आणि नवरात्र आगेमागे येतात. म्हणून सगळा महिना भरगच्च करायचा हट्ट नको. दोन-तीन संध्याकाळी पुरतात.

आम्ही मराठी. दुसऱ्यांचा वारसा घरी साजरा करणे बरोबर आहे का?

पाहुण्यासारखे वागलात तर नक्की बरोबर आहे. पाहुणा विचारून घेतो, जे वाढले ते खातो आणि यजमानाच्या देवघरात जाऊन मूर्तींची मांडणी बदलत नाही. दिवाळीला कुणी आपल्याकडे आले, कंदील कसा करतात ते विचारून मुलांबरोबर बसून केला, तर आपल्याला किती बरे वाटते! तेच इथे.

टाळायचे ते पोशाखाचे सोंग. मोठी सोम्ब्रेरो टोपी आणि चिकटवलेल्या मिशा म्हणजे मेक्सिको, हे चित्र मेक्सिकन मुलांना शाळेत किती टोचते ते मी त्यांच्या आयांकडून ऐकले आहे. आणखी एक गल्लत सिंको दे मायोची. ५ मे हा मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन नाही. १८६२ मध्ये त्या दिवशी पुएब्लाजवळ मेक्सिकोच्या सैन्याने फ्रेंच फौजेला हरवले होते. मेक्सिकोत तो मुख्यतः पुएब्लाचाच दिवस आहे, आणि आमच्या शेजारच्या आजी तो फार अभिमानाने पाळतात.

सुरुवात कुठून करावी?

एक देश निवडा. जमल्यास एक गाव. टाको, स्पेनचे फ्लामेन्को नृत्य, अँडीजमधली बासरी आणि पिन्याता (खाऊ भरून टांगलेली, काठीने फोडायची वस्तू) एकाच संध्याकाळी एकत्र केले की मुलांच्या डोक्यात काहीच शिल्लक राहत नाही. तुमच्या ओळखीचे जे कुटुंब असेल त्यांचा देश घ्या: मुलाचा वर्गमित्र, कामावरचे सहकारी, रोज भेटणाऱ्या शाळेतल्या मावशी. त्यांना एकच गोष्ट विचारा, “तुमच्या आजीकडे रविवारी जेवायला काय असायचे?” त्यातून पुढचे सगळे निघते. आमच्याकडे एल साल्वादोरच्या काकूंनी या प्रश्नावर तासभर पुपुशांबद्दल, म्हणजे सारण भरलेल्या मक्याच्या भाकरींबद्दल, सांगितले आणि शेवटी पीठ मळायलाच बसवले.

ओळखीचे कुणी नसेल तर नकाशा घ्या आणि मुलालाच देश निवडू द्या.

आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. खाण्यापिण्याचे काय?

भरपूर आहे, फक्त एका गोष्टीची चौकशी करा: डुकराची चरबी. स्पॅनिशमध्ये तिला मांतेका म्हणतात. घोटलेल्या बीन्समध्ये, तमाल्यांच्या (मक्याच्या पानात वाफवलेल्या पदार्थाच्या) पिठात आणि कधी कधी गव्हाच्या टॉर्टियातही (तिकडच्या पातळ पोळीतही) ती असते. बाहेरून आणणार असाल तर स्पष्ट विचारा. विचारल्याचा कुणी राग मानत नाही.

घरी करायला सर्वात सोपा गाय्यो पिंतो. कोस्टा रिका आणि निकाराग्वा दोघेही तो आपलाच म्हणून सांगतात. कांदा आणि ढोबळी मिरची तेलात परतायची, त्यात शिजवलेल्या काळ्या बीन्स थोड्या पाण्यासकट घालायच्या, मग आदल्या दिवशीचा मोकळा भात आणि वरून कोथिंबीर. बीन्सच्या पाण्याने भाताला तपकिरी रंग येतो, म्हणून ते ओतून देऊ नका. तिकडे हा सकाळचा नाश्ता आहे.

पुपुसा हा एल साल्वादोरचा राष्ट्रीय पदार्थ. मासा आरिना, म्हणजे चुन्यात शिजवलेल्या मक्याचे पीठ (त्याबद्दल पुढे सांगते), कोमट पाण्यात मऊ मळायचे. पुरणपोळीसारखी पारी करून आत घोटलेल्या बीन्स आणि किसलेले चीज भरायचे, मग हातानेच थापून तव्यावर दोन्हीकडून डाग पडेपर्यंत भाजायचे. लाटणे नाही. हाताला तेलपाणी लावले की चिकटत नाही. सोबत कुर्तिदो हवाच: बारीक चिरलेला कोबी, गाजर, कांदा, व्हिनेगर, मीठ, ओरेगानो. तो आदल्या दिवशी करून ठेवा, मुरला की खरी चव येते.

तमाले करायला मोदकपात्र उत्तम. मक्याची वाळलेली पाने भिजवून त्यात पीठ आणि सारण गुंडाळायचे आणि उभे ठेवून वाफवायचे. शाकाहारी घरात भाजलेल्या मिरचीच्या पट्ट्या आणि चीज घाला, तिकडेही हे सारण नेहमीचे आहे. चरबीऐवजी लोणी किंवा तेल घालून पीठ खूप फेसा. चिमूटभर पीठ पाण्यात टाकल्यावर तरंगले की तयार झाले. तमाले मात्र एकट्याने करायचे काम नाही. चार हात लागतात, गप्पा लागतात, म्हणूनच तिकडे ते घरातल्या सगळ्यांना बसवून करतात.

प्यायला ओर्चाता. एक वाटी तांदूळ आणि दालचिनीचा तुकडा चार वाट्या पाण्यात रात्रभर भिजवायचा, सकाळी वाटून गाळायचा, साखर घालून गार करायचा. ही मेक्सिकोची पद्धत. स्पेनमधल्या वालेन्सियात याच नावाचे पेय चुफा नावाच्या छोट्या कंदांपासून करतात. दुसरे आग्वा दे हामाइका, लाल अंबाडीच्या वाळलेल्या बोंडांचे गर्द लाल सरबत. ही बोंडे अमेरिकेत कुठल्याही मेक्सिकन किराणा दुकानात सुटी मिळतात.

घरातल्या मक्याच्या पिठाची टॉर्टिया केली तर तुटते. काय चुकते?

तुमचे काही चुकत नाही, पीठ वेगळे आहे. आपले पीठ म्हणजे कोरडा मका नुसता दळलेला. टॉर्टियाचा मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर मुरवतात. अशा मक्याला निश्तामाल म्हणतात आणि ही कृती मेक्सिको व मध्य अमेरिकेत हजारो वर्षांपासून चालत आली आहे. चुन्यामुळे दाण्याची साल सुटते, पीठ चिकट होते, वास बदलतो. आणि एक मोठी गोष्ट घडते: मक्यातले नायसिन, म्हणजे ब जीवनसत्त्वांपैकी एक, शरीराला मिळू लागते.

मका युरोपात गेला तेव्हा ही कृती त्याच्याबरोबर गेली नाही. नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरीब शेतकऱ्यांना कातडी सोलवटणारा, शेवटी जीव घेणारा आजार होऊ लागला. स्पेनच्या आस्तुरियास भागातले वैद्य गास्पार कासाल यांनी १७३५ मध्ये त्याचे वर्णन केले. तोच पुढे पेलाग्रा म्हणून ओळखला गेला. माया आणि आस्तेक बायकांच्या हातात जे ज्ञान होते, ते कुणी विचारून घेतले नाही म्हणून किती माणसे गेली! मी मुलांना टॉर्टिया वाढताना ही गोष्ट दरवेळी सांगते.

अमेरिकेत मासा आरिना सहज मिळते. दोन वाट्या पिठाला साधारण दीड वाटी कोमट पाणी आणि मीठ, अर्धा तास झाकून ठेवा. प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये गोळा ठेवून सपाट बुडाच्या भांड्याने दाबा. तापलेल्या तव्यावर दोन्हीकडून मिनिटभर भाजा आणि कापडात गुंडाळून ठेवा. गुंडाळल्याशिवाय मऊ होत नाहीत.

भारतात घरी करायचे तर एक किलो वाळलेला मका (स्वीट कॉर्न किंवा लाह्यांचा मका चालत नाही), तीन लिटर पाणी आणि सुमारे दहा ग्रॅम खाण्याचा चुना. स्टीलचे भांडे घ्या, ॲल्युमिनियमचे नको. मंद आचेवर साल सुटेपर्यंत शिजवा, रात्रभर तसेच ठेवा, सकाळी चोळून तीन-चार पाण्यांनी धुवा आणि वाटा. मिक्सर कुरकुरतो, इडलीचा ग्राइंडर बरा. चुन्याचे काम मोठ्यांनीच करायचे, मुलांनी धुतलेला मका वाटायला यावे. बांधकामाचा चुना चुकूनही वापरू नका.

एवढा व्याप नको असेल तर गव्हाच्या टॉर्टिया करा. मेक्सिकोच्या उत्तर भागात, सोनोरात, त्याच रोज खातात.

सगळे पदार्थ फार तिखट असतात का? लहान मुले खातील?

नाही. स्पेन, अर्जेंटिना, कोलंबिया, पुएर्तो रिको इथले घरचे जेवण मराठी जिभेला सौम्यच वाटेल. व्हेनेझुएला-कोलंबियातली आरेपा, म्हणजे मक्याची जाड भाकरी, बटाटे-अंड्यांची जाड स्पॅनिश टॉर्टिया, तळलेली पिकली राजेळीसारखी केळी हे मुले मागून खातात.

लहान मुलांबरोबर खेळायला काय?

लोतेरिया. चोपन्न चित्रांची पाने, आणि प्रत्येकाकडे सोळा चित्रांचा एक तक्ता. हाक देणारा पान उचलतो, चित्राचे नाव घेतो, शक्यतो एखाद्या चुटक्यासकट, आणि आपल्या तक्त्यावर ते चित्र असेल तर त्यावर राजम्याचा दाणा ठेवायचा. ठरलेली ओळ भरली की “लोतेरिया!” म्हणून ओरडायचे. हा खेळ स्पेनहून अठराव्या शतकात मेक्सिकोत आला. आज घरोघरी दिसणारी चित्रे क्लेमेंते झाक यांच्या छापखान्यातल्या संचातली आहेत. कोंबडा, छत्री, जलपरी, चंद्र, कलिंगड. वाचता न येणारे मूलही आजोबांना हरवू शकते, आणि तासाभरात वीस स्पॅनिश शब्द तोंडात बसतात.

जुन्या संचात काही चित्रे आज खटकणारी आहेत, एका कृष्णवर्णीय माणसाचे, एका दारुड्याचे. ती पाने काढून ठेवा किंवा मुलांकडून आपला संच रंगवून घ्या. आमच्या मुलांनी चिचुंद्री आणि प्रेशर कुकर घातला आहे आणि पुएब्लाच्या आजींनाही तो कुकर फार आवडला.

पिन्याता फोडायची असेल तर जुन्या पद्धतीची सात टोकांची चांदणी करा. पूर्वी आत मातीचे मडके असे. ती सात टोके म्हणजे सात पापे, असा ख्रिस्ती अर्थ सांगतात. घरी फुगा, कागदाचा लगदा आणि पुठ्ठ्याचे कोन पुरतात. बाकीच्या मुलांना काठीच्या टप्प्याबाहेर दोरी आखून बसवा.

हस्तकला सुचवा. बाजारात साहित्य मिळत नाही.

पतंगाचा कागद आणि कात्री असली की पापेल पिकादो होतो. या मेक्सिकोच्या पताका. पुएब्ला राज्यातले सान साल्वादोर उइकोलोत्ला हे गाव यासाठी प्रसिद्ध आहे, तिथले कारागीर छिन्नीने एका वेळी कागदांची अख्खी चवड कापतात. मुलांनी कागद दोन-तीनदा दुमडून कापायचा आणि दोऱ्यावर चिकटवायचा. गणपतीच्या पताकांचा उरलेला कागद इथे कामी येतो.

त्याच कागदाचे पतंगही करा. ग्वातेमालातल्या सुंपांगो आणि सांतियागो साकातेपेकेस या गावांत १ नोव्हेंबरला कित्येक मीटर रुंदीचे गोल पतंग उभारतात, रंगीत कागदाचे तुकडे चिकटवून केलेले. छोटे पतंग कबरस्तानातून आकाशात सोडतात.

मोठ्या मुलांसाठी आलेब्रिखे. १९३६ च्या सुमारास मेक्सिको सिटीतले कागदकाम करणारे पेद्रो लिनारेस तापाने फणफणले असताना त्यांना विचित्र प्राणी दिसले, पंख असलेले गाढव, कुत्र्याच्या डोक्याचा सिंह. बरे झाल्यावर त्यांनी ते लगद्यातून घडवले. नंतर मेक्सिकोतल्याच ओआहाका राज्यातल्या सुतारांनी ते लाकडात आणले. मुलांना कुठल्याही दोन-तीन प्राण्यांची जोडणी करू द्या आणि भडक रंग द्या. मोठ्यांनी सूचना करायच्या नाहीत.

‘दिया दे लोस मुएर्तोस’ भुताखेतांचा सण आहे का? मुले घाबरतील का?

नाही. हा मेक्सिकोतला मृतांच्या आठवणीचा सण, १ आणि २ नोव्हेंबरचा. पहिला दिवस गेलेल्या लहान मुलांचा, दुसरा मोठ्यांचा. हॅलोविनशी तारीख जवळ आहे, एवढेच. २००८ मध्ये युनेस्कोने याची मानवतेच्या अमूर्त वारशात नोंद केली. टीव्हीवर दिसणारी मेक्सिको सिटीतली भव्य मिरवणूक २०१६ पासूनची आहे. खरा सण घरात आणि कबरीपाशी असतो.

घरात ओफ्रेंडा मांडतात. टेबलावर एक-दोन पायऱ्या, वर गेलेल्यांची छायाचित्रे, पाण्याचा पेला (लांबून येणाऱ्याला तहान लागते), मीठ, मेणबत्त्या, कोपाल नावाचा धूप, त्यांना आवडणारे खाणे आणि झेंडूची फुले. दारापासून ओफ्रेंडापर्यंत पाकळ्यांची वाट आखतात, म्हणजे आत्म्याला घर सापडते. झेंडू मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलाच. दसऱ्याच्या तोरणातले ते फूल तिथून आपल्याकडे आले आहे. पान दे मुएर्तो नावाचा गोल, संत्र्याच्या सालीचा वास असलेला पाव यासाठी भाजतात, वर हाडांच्या आकाराच्या पट्ट्या असतात.

मराठी घरात लगेच पितृपक्षाची आठवण होते आणि ते खरेच आहे: दोन्हीकडे गेलेल्यांना बोलावून त्यांच्या आवडीचे वाढतात. फरक मनःस्थितीत आहे. आपल्याकडे तो पंधरवडा गंभीर, शुभकार्ये थांबलेली. तिकडे गाणी, विनोद, साखरेच्या कवट्यांवर मित्राचे नाव. मला वाटते, मुलांना मृत्यूबद्दल बोलायला हा दुसरा सूर फार उपयोगी पडतो. आमच्या मुलीने आपल्या पणजीला कधी पाहिलेले नाही. पण तिला तपकीर लागायची आणि पत्त्यात ती लबाडी करायची, हे तिला ओफ्रेंडा मांडताना समजले.

घरातल्या ज्येष्ठांना हे आवडेल की नाही, ते आधी विचारा. काहींना श्राद्ध सोडून असे काही नको वाटते, त्यांचा मान ठेवा. तेव्हा ओफ्रेंडा शेजाऱ्यांकडे पाहायला जा. जाताना फुले आणि फळे न्या. तिथल्या माणसाचे नाव विचारा, त्यांची गोष्ट ऐका. चेहऱ्यावर कवटी रंगवायची की नाही हे यजमान ठरवतील.

आम्हाला स्पॅनिश येत नाही. उच्चार चुकले तर?

मराठी माणसाला ही भाषा तोंडात बसवणे सोपे जाते. त आणि द आपल्यासारखेच दंत्य, स्वर स्वच्छ, र कंप पावणारा. ‘एच’ अक्षराचा उच्चार होत नाही, ‘जे’ घशातून येणाऱ्या ‘ह’सारखा. जेवताना “बुएन प्रोवेचो” (जेवण अंगी लागो) म्हणा, निघताना प्रत्येकाला वेगळा निरोप द्या. खोलीतल्या सगळ्यांना एकदम हात हलवून बाहेर पडणे अनेक घरांत उद्धटपणाचे वाटते.

गाणी लावायची तर कोणती?

त्या देशाचा प्रकार शोधा: कोलंबियाची कुंबिया, डॉमिनिकन रिपब्लिकचे मेरेंगे, मेक्सिकोचे मारियाची, वेराक्रूसचे सोन हारोचो. ऐकण्यापेक्षा वाजवून पाहणे मुलांना आवडते. क्यूबातल्या क्लावेचा ठेका दोन टिपऱ्यांवर येतो. सोळा मात्रा मोजा आणि १, ४, ७, ११, १३ वर टिपरी वाजवा. सुरुवातीला हात अडखळतो, मग अंगात भिनतो.

कोणाच्या गोष्टी सांगाव्यात?

मी तीन सांगते. रोबेर्तो क्लेमेंते, पुएर्तो रिकोचे बेसबॉलपटू. निकाराग्वात भूकंप झाल्यावर मदतसामग्री घेऊन ते स्वतः निघाले आणि ३१ डिसेंबर १९७२ ला विमान कोसळून गेले. गाब्रिएला मिस्त्राल, चिलीच्या खेड्यातल्या शिक्षिका, १९४५ मध्ये साहित्याचे नोबेल मिळवणाऱ्या पहिल्या लॅटिन अमेरिकी लेखिका. आणि एलेन ओचोआ, १९९३ मध्ये अंतराळात गेलेल्या पहिल्या हिस्पॅनिक महिला. त्या बासरी घेऊन गेल्या होत्या आणि पुढे इथल्याच जॉन्सन अंतराळ केंद्राच्या संचालक झाल्या.

पुस्तके हवी असतील तर वाचनालयात पुरा बेलप्रे पुरस्कार मिळालेली मुलांची पुस्तके मागा. पुरा बेलप्रे पुएर्तो रिकोच्या. १९२१ पासून न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वाचनालयात त्यांनी मुलांना स्पॅनिश आणि इंग्रजीत गोष्टी सांगितल्या. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९९६ पासून देतात.

आम्ही महाराष्ट्रात राहतो. आमचा याच्याशी काय संबंध?

उपवासाच्या दिवशी स्वयंपाकघरात उभे राहा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा तिथलाच. बटाटा अँडीजमधला. मिरची मेक्सिकोची. रताळेही त्याच खंडाचे. पोर्तुगीज जहाजांनी यातले बरेच काही गोव्याच्या किनाऱ्याला आणले आणि आज एकादशीला खिचडीशिवाय चालत नाही.

राजगिरा तर थेट सापडतो. मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला तुल्येउआल्को भागात राजगिऱ्याच्या लाह्या मध किंवा गुळात घोळून आलेग्रिया नावाच्या वड्या करतात, वर भोपळ्याच्या बिया, शेंगदाणे, बेदाणे. आपली राजगिरा चिक्की करा, वर बिया लावा, झाली. मुलांच्या वर्गात न्यायला मी हीच सुचवते: अंडे नाही, मैदा नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेले मूल वर्गात असू शकते, म्हणून शाळेसाठी शेंगदाणे वगळा.

आणि वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे! गदर चळवळीतले क्रांतिकारक. इंग्रजांमुळे मायदेश बंद झाला आणि १९२० च्या दशकात ते मेक्सिकोत पोहोचले. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात त्यांनी शिकवले, मक्याच्या आणि गव्हाच्या जातींवर काम केले, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा चालवल्या. छायाचित्रकार तिना मोदोत्ती यांनी त्यांच्या कामाची छायाचित्रे काढली, चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भित्तिचित्रांत त्यांना जागा दिली. स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि १९६७ मध्ये नागपुरात वारले. मक्याच्या देशात जाऊन मक्यावर काम करणारा हा वऱ्हाडी माणूस आपल्या मुलांना माहीत नसावा, याचे मला फार वाईट वाटते. त्यांच्या अखेरच्या दिवसांत, १९६६ मध्ये, भारताने मेक्सिकोहून १८,००० टन बुटक्या गव्हाचे बियाणे आणले आणि त्यातून आपली हरितक्रांती उभी राहिली. मुलांना ही गोष्ट पोळी भाजताना सांगा.

खर्च किती येतो?

तांदूळ, बीन्स, पतंगाचा कागद आणि राजगिरा यांना जेवढा लागेल तेवढा. तयार सजावटीच्या पिशव्या घेऊ नका. त्याऐवजी त्या पैशांत एखाद्या साल्वादोरी किंवा मेक्सिकन बाईकडून घरचे तमाले विकत घ्या.

१५ ऑक्टोबरनंतर काय?

खरे सण तर पुढेच आहेत. नोव्हेंबरचे वर आले. १६ ते २४ डिसेंबर या नऊ रात्री मेक्सिकोत पोसादा असतात: मारिया आणि योसेफ यांना बेथलेहेममध्ये जागा मिळाली नव्हती, त्याची आठवण म्हणून काही जण दाराबाहेर गाऊन आसरा मागतात, आतले गाऊन नकार देतात, आणि शेवटी दार उघडते. बोलावणे आले तर जरूर जा, बाहेरच्यांच्या बाजूने गा.

३१ डिसेंबरला रात्री बारा वाजता स्पेनमध्ये घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला एक अशी बारा द्राक्षे खातात. लहान मुलांना अख्खे द्राक्ष घाईघाईत देऊ नका, घशात अडकते. उभे चार तुकडे करून द्या. ६ जानेवारीला तीन राजांचा दिवस. मेक्सिकोत त्या दिवशीच्या रोस्का नावाच्या गोल पावात बाळ येशूची बोटाएवढी मूर्ती लपवलेली असते, म्हणून कापताना आणि चावताना मुलांवर लक्ष ठेवा. ती ज्याच्या तुकड्यात निघेल त्याने २ फेब्रुवारीला सगळ्यांना तमाले खाऊ घालायचे असतात. तुमच्या मुलाला निघाली तर बाहेरच्या तमाल्यांची ऑर्डर आठवडाभर आधी द्या, त्या दिवसांत करणाऱ्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते.